पेट्यांत न मावणारी प्रयोगशाळा

नागपूर विद्यापीठाच्या एम.एस्सी. परीक्षेत १९५१ साली भौतिकशास्त्रात पहिला आलेला मुलगा पुढे बंगळूरला गेला, तिथून केंब्रिजला, मग लंडनला. आणि दहा वर्षांनी परतला तो म्हैसूरला. शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे त्याचं नाव. चंद्रशेखर म्हटलं की आपल्याला ताऱ्यांच्या वस्तुमानाची मर्यादा सांगणारे नोबेलविजेते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आठवतात. हे ते नव्हेत, त्यांचे आतेभाऊ. एक सर सी. व्ही. रामन यांच्या भावाचा मुलगा, दुसरा बहिणीचा. रामनही १९१० साली वित्तखात्यातले तरुण अधिकारी म्हणून काही काळ नागपुरात होते. चाळीस वर्षांनी त्यांचा भाचा त्याच गावच्या विद्यापीठाची पदवी घेऊन मामांकडे बंगळूरला संशोधनाला गेला, आणि १९५४ साली नागपूर विद्यापीठाचीच डी.एस्सी. त्याला मिळाली.

मी विदर्भातला, भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, पण हा धागा मला फार उशिरा सापडला. सापडल्यावर मात्र तो सुटेना. १९६१ साली म्हैसूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख म्हणून चंद्रशेखर रुजू झाले. दहा वर्षं राहिले. १९७१मध्ये ते म्हैसूर सोडून बंगळूरला गेले आणि पुढे जगभर नाव झालं ते तिथल्या कामासाठी. मला त्या मधल्या दहा वर्षांपेक्षाही नंतरच्या पन्नास वर्षांचं कुतूहल होतं. विभाग उभा करणारा माणूस निघून गेला की मागे काय उरतं? हा प्रश्न मनात असतानाच मी म्हैसूरला गेलो. त्याचं कारण म्हैसूरपेक्षा पुण्यात जास्त आहे, म्हणून आधी पुण्याची गोष्ट.

पुण्याच्या पेट्या

कावसजी दादाभाई नायगमवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे पारशी प्राध्यापक. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी त्यांना पाच हजार रुपये दिले, तेवढेच मुंबई सरकारने घातले, आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथली ग्रब कंपनीची वीस इंच व्यासाची आरसा-दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती आणि पुढे कितीतरी वर्षं राहिली. १८९८च्या जानेवारीत खग्रास सूर्यग्रहण झालं, तेव्हा नायगमवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून वर्णपटाची निरीक्षणं घेतली. एका हिंदी माणसाने चालवलेली, आधुनिक खगोलभौतिकीचं काम करणारी वेधशाळा पुण्यात होती, ही आपण अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

पण ती सांगताना आपण शेवट गाळतो. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. उपकरणं पेट्यांत भरली गेली आणि कोडाईकॅनलच्या वेधशाळेला रवाना झाली. चोवीस वर्षांचं काम एका माणसाच्या निवृत्तीबरोबर पुण्यातून उठलं, कारण त्यांच्या जागी तो वसा पुढे चालवणारं कोणी घडलेलं नव्हतं. दुर्बिणीला दोष नव्हता. कोडाईकॅनलला ती कामी आलीच.

म्हणून कुठल्याही विद्यापीठाच्या विज्ञान विभागात शिरलो की मी यंत्रं बघण्याआधी मनातल्या मनात एक हिशोब करतो. उद्या हे सगळं पेट्यांत भरलं, तर मागे काय राहील?

अध्ययन विभाग

म्हैसूरला गेलेल्या मराठी माणसाने राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन बाग पाहिलेली असते. कुक्करहळ्ळीचं तळं सहसा राहून जातं. १८६४ साली मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या काळात झालेलं हे तळं आज शहराच्या मधोमध आहे. पहाटे तिथे फिरणाऱ्यांची गर्दी असते आणि पाण्यातल्या झाडांवर पेलिकन आणि चित्रबलाक बसलेले असतात. तळ्याला लागूनच विद्यापीठाचा परिसर सुरू होतो. विद्यापीठ १९१६ सालचं, नाल्वडी कृष्णराज वडेयर यांनी स्थापन केलेलं. ब्रिटिश मुलखाबाहेर, संस्थानात निघालेलं हे देशातलं पहिलं विद्यापीठ. पदव्युत्तर शिक्षणासाठीचा हा नवा परिसर मात्र १९६०चा. त्याला 'मानसगंगोत्री' हे नाव दिलं ते तेव्हाच्या कुलगुरूंनी, कन्नडचे महाकवी कुवेंपु यांनी. दाट झाडी, लांबवर विखुरलेल्या इमारती आणि दोन तासिकांच्या मध्ये झाडाखाली बसून वही चाळणारी मुलं.

इथल्या विभागाला नुसतं 'भौतिकशास्त्र विभाग' म्हणत नाहीत. पाटीवर 'अध्ययन विभाग' असतं. आपल्याकडे अध्यापन आणि संशोधन हे दोन शब्द सवयीने जोडून येतात, अध्ययन मागे पडतं. शिकणं हे शिक्षकाचंही काम आहे, असं सांगणारा हा शब्द मला आवडला.

१९६१ साली चंद्रशेखर इथे आले तेव्हा त्यांच्याजवळ प्रकाशविज्ञान आणि स्फटिकशास्त्र यांची शिदोरी होती. बंगळूरला रामनांकडे त्यांनी स्फटिकांतून जाताना प्रकाशाचं ध्रुवीकरण किती वळतं ते मोजलं होतं, केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत क्ष-किरण आणि न्यूट्रॉन यांच्या विखुरण्यावर काम केलं होतं. त्यांचे धाकटे बंधू पंचरत्नम हेही त्याच वर्षी प्रपाठक म्हणून इथे रुजू झाले आणि १९६४पर्यंत होते. पंचरत्नम यांनी १९५६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली होती. प्रकाशाच्या ध्रुवीकरणाची अवस्था बदलत बदलत पुन्हा मूळ अवस्थेला आणली, तरी प्रकाश जसाच्या तसा परत येत नाही. तो कुठल्या वाटेने फिरून आला याची खूण त्याच्या कलेत (फेजमध्ये) शिल्लक राहते. १९८४ साली ब्रिस्टलच्या मायकेल बेरींनी हेच तत्त्व पुंजभौतिकीत फार व्यापक रूपात मांडलं. त्यानंतर शिवराज रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी पंचरत्नम यांच्या जुन्या लेखाकडे जगाचं लक्ष वेधलं. तोवर पंचरत्नम यांना जाऊन सतरा वर्षं झाली होती. पस्तिसाव्या वर्षीच ऑक्सफर्डला त्यांचं निधन झालं. ज्या मुलांना या माणसाने म्हैसूरच्या वर्गात तीन वर्षं प्रकाशविज्ञान शिकवलं असेल, त्यांचा मला हेवा वाटतो.

काड्यांची जुडी, भाकऱ्यांची चवड

चंद्रशेखर म्हैसूरला असताना द्रवस्फटिकांकडे वळले. आज हा शब्द घरोघरी पोचलाय तो दूरचित्रवाणीच्या पडद्यामुळे. तेव्हा मात्र देशात या विषयाकडे फारसं कोणाचं लक्ष नव्हतं. १८८८ साली, म्हणजे पुण्यात वेधशाळा उभी राहिली त्याच वर्षी, प्रागमध्ये फ्रिडरिश रायनिट्झर यांना कोलेस्टेरॉलपासून केलेल्या एका पदार्थाचं वागणं कोड्यात टाकत होतं. तो १४५.५ अंशांना वितळे, पण गढूळ राही, १७८.५ अंशांना पुन्हा एकदा 'वितळून' स्वच्छ होई. मधली अवस्था द्रवासारखी वाहणारी, पण आतून स्फटिकासारखी शिस्त पाळणारी होती.

ही अवस्था एकदा स्वतः पाहावी. काचपट्टीवर चिमूटभर पांढरी भुकटी, वर पातळ काच, खाली तापवायची छोटी बैठक, आणि सूक्ष्मदर्शकाच्या खालीवर एकमेकांना आडव्या धरलेल्या ध्रुवक पट्ट्या. अशा आडव्या पट्ट्यांतून साध्या द्रवात काळोखच दिसतो. इथे तापमान एकेक अंशाने चढवत नेलं की एका क्षणी भुकटीचे कण वितळतात आणि नजरेसमोर काळ्या दोऱ्यांचं जाळं पसरतं, मधेमधे पिवळे-निळे-गुलाबी पट्टे सरकत असतात. काचेला टाचणीने हलकेच दाबलं तर सगळं चित्र वाहतं. म्हणजे द्रवच, पण रांगेत उभा असलेला. आणखी तापवलं की एका कडेपासून काळोख आत येतो आणि चित्र पुसलं जातं. तापमापकावर नजर ठेवून दोन आकडे वहीत लिहायचे, एक चित्र उमटल्याचा, दुसरा पुसल्याचा. विषयाची सुरुवात एवढ्या साध्या सामग्रीत होते. पुढची वाट गणिताची: रेणू किती शिस्तीत उभे आहेत, त्यामुळे प्रकाश किती वळेल, किती परतेल. म्हैसूरमध्ये साठच्या दशकात हे काम झालं. पीळदार द्रवस्फटिकांतून प्रकाशाचं परावर्तन कसं होतं याचा सिद्धान्त चंद्रशेखर यांनी के. एन. श्रीनिवास राव यांच्यासोबत मांडला. एन. व्ही. मधुसूदन यांच्यासारखे विद्यार्थी इथेच घडले.

मग १९७१ आलं. आदल्या वर्षी रामन गेले होते. त्यांच्या संस्थेत द्रवस्फटिकांची प्रयोगशाळा उभारण्यासाठी चंद्रशेखर बंगळूरला गेले, पाठोपाठ त्यांच्या हाताखाली तयार झालेली काही मंडळीही गेली. १९७७ साली त्यांनी बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांच्यासह एक नवाच प्रकार जगापुढे ठेवला. तोवर माहीत असलेल्या द्रवस्फटिकांचे रेणू काडीसारखे लांबट होते. काड्यापेटीतल्या काड्यांच्या जुडीसारखे एका दिशेने राहणारे. यांनी शोधलेले रेणू चकतीसारखे चपटे होते आणि ते एकावर एक रचून स्तंभ करत. भाकऱ्यांच्या चवडी शेजारी शेजारी मांडाव्यात तसे. पुढे अशाच चकत्यांच्या रेणूंचा पातळ थर सपाट पडद्यांना लावायला लागले आणि पडद्याकडे बाजूने पाहिलं तरी चित्र स्वच्छ दिसू लागलं.

हा शोध म्हैसूरचा नव्हे, बंगळूरचा. पण त्याचा पाया मानसगंगोत्रीत घातला गेला. बंगळूरला कीर्ती मिळत होती, तेव्हा म्हैसूरच्या विभागासमोर पुण्याचाच प्रश्न उभा होता. मुख्य माणूस गेला, बरोबर विषयही गेला. आता काय?

रिकाम्या जागा मोजणारे

विभाग मिटला नाही. त्याच्यातून एकाहून अधिक वाटा फुटल्या. पहिली वाट जुन्याच वाटेच्या पोटातली. द्रवस्फटिक बनवणारे रेणू घन अवस्थेत कसे रचलेले असतात, हे क्ष-किरणांनी उलगडायचं काम इथल्या स्फटिकशास्त्रज्ञांनी उचललं. जे. शशिधर प्रसाद, एम. ए. श्रीधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा कितीतरी रेणूंच्या रचना सोडवल्या. शशिधर प्रसाद पुढे याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

दुसरी वाट नवी होती. सी. रंगनाथय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅस्टिकमधल्या रिकाम्या जागा मोजायला घेतल्या. प्लॅस्टिक, रबर, गोंद अशा बहुवारिकांचे रेणू लांबच लांब साखळ्यांचे असतात. शेवयांची जुडी कितीही दाबून बांधली तरी मधे फटी राहतात, तशा या साखळ्यांच्या मधे पोकळ्या राहतात. पाणी झिरपणार की नाही, वायू पार जाणार की नाही, दोन प्लॅस्टिकं एकजीव होणार की नाही, हे या पोकळ्यांवर ठरतं. पोकळीचा आकार मात्र मिलिमीटरच्या तीस लाखाव्या भागाच्या आसपास. मोजपट्टी कुठली आणायची?

मोजपट्टी म्हणून त्यांनी पॉझिट्रॉन घेतला. इलेक्ट्रॉनचा हा प्रतिकण सोडियम-२२ या किरणोत्सारी द्रव्यातून बाहेर पडतो. पातळ पापुद्र्यावर सोडियम-२२चा ठिपका ठेवायचा, दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचे सारखे तुकडे लावायचे. प्रयोगशाळेत याला सरळ 'सँडविच' म्हणतात. पॉझिट्रॉन निघतो त्याच क्षणी त्याच्यासोबत एक गॅमा किरण निघतो. पहिला शोधक तो टिपतो आणि घड्याळ सुरू होतं. पॉझिट्रॉन प्लॅस्टिकमध्ये शिरतो, एखाद्या इलेक्ट्रॉनशी जोडी जमवतो आणि पोकळीत आसरा घेतो. निर्वात जागेत ही जोडी सुमारे १४२ नॅनोसेकंद टिकली असती. पोकळीच्या भिंतीतले इलेक्ट्रॉन तिला इतका वेळ देत नाहीत. दोन-तीन नॅनोसेकंदांत पॉझिट्रॉन भिंतीतल्या इलेक्ट्रॉनला भिडून दोघं नाहीसे होतात आणि नवे गॅमा किरण बाहेर पडतात. दुसरा शोधक ते टिपतो, घड्याळ थांबतं. पोकळी मोठी तर भिंत लांब, आयुष्य जास्त. पोकळी लहान तर आयुष्य कमी. अशा लाखो घटना मोजल्या की आयुष्यावरून पोकळीचा आकार निघतो.

या प्रयोगात मला सगळ्यांत भावतं ते त्याचं परवडणं. सोडियम-२२चं अर्धायुष्य २.६ वर्षं, म्हणजे एक स्रोत काही वर्षं पुरतो. दोन शोधक, वेळ मोजणारी जोडणी, स्थिर तापमानाची खोली आणि चिकाटी. एका राज्य विद्यापीठाला झेपेल अशा सामग्रीवर या विभागाने पदार्थविज्ञानात स्वतःची जागा केली.

घराघरांतला फिल्मचा तुकडा

तिसरी वाट थेट शहरातल्या घरांत गेली. म्हैसूरच्या जमिनीखाली खडक आहे, चामुंडी टेकडीवर तर तो उघडाच दिसतो. अशा खडकांत युरेनियम अत्यल्प प्रमाणात असतं, त्याच्यातून रेडियम आणि रेडियममधून रेडॉन. रेडॉनला रंग नाही, वास नाही, तो हवेच्या सात-आठ पट जड. जमिनीच्या भेगांतून तो घरात येतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं, पण त्याच्यातून जन्मणारी पोलोनियमसारखी पिलावळ धुळीच्या कणांना चिकटून फुप्फुसात बसते आणि तिथे अल्फा कण सोडत राहते. अनेक देशांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल रेडॉन येतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरातल्या हवेत दर घनमीटरला १०० बेकरेलच्या आत तो असावा, अशी तिची शिफारस आहे.

म्हैसूरच्या घरांत तो किती आहे? एल. परमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं हे मोजलं. साधन आहे प्लॅस्टिकचा छोटा डबा आणि आत एलआर-११५ नावाच्या फिल्मचे तुकडे. फिल्म लालसर, तिचा संवेदी थर जेमतेम बारा मायक्रॉन जाड, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ. डब्याची जुळ्या कप्प्यांची ठेवण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची. एका कप्प्याच्या तोंडाला पातळ पटल असतं, त्यातून रेडॉन सावकाश आत येतो. दुसऱ्याच्या तोंडाला गाळणकागद, तिथे रेडॉनबरोबर त्याचा अल्पायुषी भाऊ थोरॉनही शिरतो. तिसरा तुकडा बाहेर उघडा. डबा छताला टांगायचा आणि विसरून जायचं. नव्वद दिवस.

त्या नव्वद दिवसांत अल्फा कण फिल्मवर आदळतात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जखमा करतात. मग फिल्म विद्यापीठात येते. दहा टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात, ६० अंश तापमानाला, दीड तास ती बुडवून ठेवतात, न ढवळता. द्रावण जखमेच्या जागी लवकर कुरतडतं आणि आरपार भोकं पडतात. त्यानंतर फिल्मवर अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला कागदासारखा पापुद्रा ठेवून विजेचा दाब देतात. प्रत्येक भोकातून एक ठिणगी उडते आणि पापुद्र्यावर तेवढं अॅल्युमिनियम उडून जातं. ठिणग्या मोजल्या की त्या घराची हवा मोजली.

मला यातलं विज्ञान जितकं महत्त्वाचं वाटतं, तितकाच त्याचा व्यवहार महत्त्वाचा वाटतो. संशोधक विद्यार्थी शेकडो पायऱ्या चढतो, अनोळखी घरात जातो, घरातल्या बाईंना समजावतो की हा डबा काढू नका, पुसू नका, तीन महिन्यांनी मी येतो. फरशी कसली, भिंती मातीच्या की सिमेंटच्या, खिडक्या किती वेळ उघड्या, हे सगळं वहीत लिहितो. कोंदट, खालच्या मजल्यावरच्या खोलीत रेडॉन साचतो, खिडकी उघडली की ओसरतो, हे पुस्तकी वाक्य अशा पायपिटीतून म्हैसूरच्या घरांसाठी खरं ठरतं. याच मंडळींनी बाहेरच्या हवेतला रेडॉन आणि हवेची विद्युतवाहकता यांचं नातंही तपासलं. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन स्थिर बसते, रेडॉन वर जाऊ शकत नाही, पहाटे तो सर्वाधिक असतो आणि त्याच्या किरणांमुळे हवेत विद्युतभारित कणही वाढतात. ऊन चढलं की हवा ढवळली जाते आणि आकडा खाली येतो. कुक्करहळ्ळीच्या काठाने पहाटे चालताना मला हे सारखं आठवत होतं.

रेशमाचा क्ष-किरण आलेख

चौथी वाट मराठी घरांनाही ओळखीची. म्हैसूर सिल्कची साडी आपल्याकडे लग्नात, वाढदिवसाला घेतली जाते. तिच्या मऊपणाचं, तिच्या पडण्याचं कौतुक होतं. आर. सोमशेखर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रेशमाचा धागा क्ष-किरणांपुढे ठेवला.

रेशमाचा धागा म्हणजे किड्याने काढलेली प्रथिनांची साखळी. ग्लायसिन, अॅलनीन अशा अमिनो आम्लांच्या या साखळ्या काही ठिकाणी घडी घातलेल्या कापडासारख्या नीट रचून स्फटिक करतात, तर मधल्या जागी सैल, अस्ताव्यस्त राहतात. स्फटिक धाग्याला ताकद देतात, सैल भाग लवचीकपणा. हे स्फटिक जेमतेम काही नॅनोमीटरचे. क्ष-किरण त्यांच्यावरून विवर्तन पावतात तेव्हा आलेखावर शिखरं उमटतात. मिठाच्या खड्याची येतात तशी टोकदार नव्हेत, फुगीर आणि बसकी. शिखर जितकं रुंद, तितका स्फटिक लहान किंवा त्याच्या रांगांत गोंधळ जास्त. सोमशेखर यांच्या गटाचं काम या रुंदीची फोड करण्याचं होतं: किती रुंदी आकारामुळे, किती रांगा वाकड्या असल्यामुळे. 'प्युअर म्हैसूर' हा इथला जुना वाण आणि संकरासाठी वापरले जाणारे दुसरे वाण यांच्या धाग्यांत हा हिशोब कसा बदलतो, हे त्यांनी मोजलं.

केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था म्हैसूरमध्येच आहे, तीही १९६१ची. म्हणजे चंद्रशेखर आले त्याच वर्षी या शहरात किड्याचा अभ्यास करणारी संस्थाही सुरू झाली. तुतीच्या पानापासून क्ष-किरणांच्या आलेखापर्यंतचा सगळा पल्ला एका शहरात बसतो. प्रश्न आपल्या मातीतून घ्यायचा आणि उत्तर जगाच्या तराजूत तोलायचं, असं विज्ञान मला वंदनीय वाटतं.

सामायिक यंत्रं, सामायिक वारसा

परिसरातलं विज्ञान भवन ही या विभागाची आणि त्याच्या शेजाऱ्यांची आजची मोठी सोय. 'इन्स्टिट्यूशन ऑफ एक्सलन्स' या योजनेतून आलेली महाग यंत्रं तिथे सामायिक ठेवली आहेत; एकस्फटिकी क्ष-किरण विवर्तनमापक त्यातलं एक. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने नवा रेणू केला की त्याचा मोहरीपेक्षाही बारीक खडा तेलाच्या थेंबात धरून यंत्रात बसवतात. खडा फिरत राहतो, क्ष-किरणांचे ठिपके जमत जातात, आणि शेवटी कुठला अणू कुठे आहे ते कळतं. म्हैसूरच्या आसपासच्या महाविद्यालयांतले संशोधकही आपल्या निबंधांत या सोयीचे आभार मानतात. यंत्र एका खोलीत कुलपाआड राहण्यापेक्षा रांगेत राहिलं तर त्याचं आयुष्य सार्थकी लागतं.

म्हैसूरने आपल्या महाराष्ट्रालाही एक माणूस दिला आहे. इथून तासाभराच्या आत नंजनगूड आहे. तिथे १९२५ साली जन्मलेले बी. व्ही. श्रीकांतन हे म्हैसूर विद्यापीठाचे पदवीधर. ते मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. होमी भाभांच्या सांगण्यावरून १९५१ साली ते कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले, विश्वकिरणांतले म्युऑन किती खोल पोचतात ते मोजायला. त्या कामातूनच १९६५ साली त्याच खाणीत वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनोंच्या जगातल्या पहिल्या खुणा सापडल्या. १९७५ ते १९८७ अशी बारा वर्षं श्रीकांतन त्या संस्थेचे संचालक होते. १९५१ साली नागपूरहून निघालेला एकजण म्हैसूरच्या वाटेला लागला होता, त्याच वर्षी म्हैसूरकडचा दुसरा मुंबईच्या वतीने खाणीत उतरत होता.

टेकडीच्या पायथ्याशी

आता आकाशाकडे. मार्च २०२२मध्ये चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी 'कॉसमॉस' या केंद्राची पायाभरणी झाली. भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि म्हैसूर विद्यापीठ यांचा हा संयुक्त उपक्रम. घुमटाच्या आतल्या बाजूला एलईडीचं आकाश असलेलं तारांगण, आणि सोबत खगोलविज्ञानातल्या माहितीच्या राशी हाताळायला तरुणांना शिकवण्याची सोय.

हे नाव वाचून मी थबकलो. भारतीय खगोलभौतिकी संस्था ही कोडाईकॅनल वेधशाळेचीच वारसदार. १९७१ साली, चंद्रशेखर यांनी म्हैसूर सोडलं त्याच वर्षी, ती स्वायत्त झाली. १९१२ साली पुण्याच्या पेट्या ज्या वेधशाळेने उतरवून घेतल्या, तिचाच वारसा आता म्हैसूरला येतो आहे. पुण्याची वीस इंची दुर्बीण मला त्या संध्याकाळी टेकडीकडे बघताना फार आठवली. तिला रुसून जाण्याचं काही कारण नव्हतं. तिच्याकडे बघायला शिकलेला दुसरा डोळा पुण्यात ठेवला असता, तर ती तिथेच राहिली असती.

माझ्या प्रश्नाचं उत्तर म्हैसूरने असं दिलं. माणूस गेल्यावर खोलीत उरतात ते त्याने घडवलेले विद्यार्थी, त्यांची मोजण्याची सवय आणि स्वतःचा प्रश्न स्वतः निवडायची हिंमत. हे पेट्यांत मावत नाही, म्हणून कोणी उचलून नेऊ शकत नाही. पण ते आपोआपही होत नाही. द्रवस्फटिकं गेली तेव्हा विभागात मागे काही लोक होते, नोकरीत होते, तरुण होते, आणि नवा विषय मुरवायला त्यांना वर्षं मिळाली. आपल्या महाराष्ट्रातल्या नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, नांदेड इथल्या विद्यापीठांत मी हेच मागेन. निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाच्या जागेवर येणारा माणूस निदान दोन वर्षं त्याच्या शेजारी काम करत असावा. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची जागा रिकामी राहू नये, कारण कुठला शोधक पावसाळ्यात रुसतो हे एकट्या त्यालाच ठाऊक असतं. आणि यंत्राच्या खर्चाइतकाच हिशोब त्या यंत्रावर बसणाऱ्या माणसाचाही व्हावा.

रेडॉनच्या डब्याचं एक पथ्य असतं. नव्वद दिवस पुरे होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. महिन्याभरातच काढून पाहिला तर भोकं इतकी थोडी सापडतात की हवेबद्दल खात्रीने काहीच सांगता येत नाही. म्हैसूरच्या कुठल्याशा घरात आत्ताही असा एखादा डबा छताला टांगलेला असेल. खाली मुलं अभ्यासाला बसलेली असतील, आणि वर फिल्मवर एकेक अल्फा कण आपली खूण ठेवून जात असेल.